घोड्याच्या तोंडावरचा साज
(शताब्दी वर्षात कार्तिकी वारीपूर्वीच्या सभेत केलेले भाषण)



 आम्ही चौथी शिकलेले. कीर्तनाला उभे राहिलो तर दोन तास बोलू, पण सभेत बोलायचं म्हटलं की जीभ जड होते. त्यातून आज विषय दिलाय घोड्याचा. अभंगाचं निरूपण नाही, दृष्टांत नाही. घोड्याच्या तोंडावर काय चढवायचं, एवढंच.

दिंडीला शंभर वर्षं झाली म्हणून यंदा पुढे घोडा चालवायचा ठरलं. घाटावरच्या एका भाविकाने अकलूजच्या बाजारातून घेतलेला घोडा आपल्याला वाहिला. गेले तीन आठवडे तो आमच्या वाड्यात बैलांच्या शेजारी बांधलेला आहे. पांढरा आहे, देखणा आहे, पण हळवा आहे. पायाला हात लावा, पाठीला लावा, काही बोलत नाही. कानाकडे हात गेला की मान आभाळात. लगाम दिसला की दोन पावलं मागे. त्यामुळे मंडळींत दोन पक्ष पडले. एक म्हणतात, चांगला कडक लगाम घाला, नाकावर पट्टा आवळा, नाहीतर कोल्हापुरात गर्दीत एखाद्या पोराला तुडवील. दुसरे म्हणतात, साज झगमगीत हवा, शंभर वर्षांतनं एकदा येतो असला दिवस. घोड्याच्या बाजूचा पक्ष कोणाचाच नव्हता. तो आम्ही घेतला.

आळंदीहून माउलींची पालखी निघते तिच्यापुढचा अश्व सगळ्यांनी पाहिलाय. निदान टीव्हीवर तरी. अंकलीच्या शितोळे सरकारांचे ते घोडे. हैबतबाबा आरफळकरांनी सोहळ्याला आजचं रूप दिलं, सन १८३२ च्या सुमारास, तेव्हापासून त्या घराण्याची ही सेवा. घोडे अंकलीहून चालत आळंदीला येतात. एकावर जरीपटका घेतलेला स्वार असतो. दुसऱ्यावर कोणी बसत नाही. तिथे माउली बसलेली आहे असं आपण मानतो. रिंगणात तो धावून गेला की त्याच्या टापेखालची माती आपण कपाळाला लावतो. आता विचार करा. ज्याच्या पायाची माती कपाळाला, त्याच्याच तोंडात काटा कसा घालायचा?

आपल्या घोड्यावरही स्वार बसणार नाही. हे ध्यानात ठेवा, कारण पुढचं सगळं त्याच्यावर आहे.

घोड्याचं तोंड कसं आहे ते आधी सांगतो. प्रत्येकाने आपलं बोट आपल्या नाकावर ठेवा. ठेवा, लाजू नका. डोळ्यांच्या मधे हाड लागतं, टणक. बोट खाली आणा. निम्म्यावर आलं की हाड संपतं, मऊ लागतं. तिथे दाबा आणि श्वास घ्या बघू. जमत नाही ना? आपण लगेच तोंड उघडतो आणि तोंडाने वारा घेतो. घोड्याला ती सोय देवाने दिलेली नाही. तो फक्त नाकाने श्वास घेतो. नाक दाबलं तर त्याला दुसरी वाट नाही. आंबा घाट चढताना त्याच्या नाकपुड्या वाटीएवढ्या होतात, त्या कशासाठी होतात ते आता कळलं असेल.

म्हणून नाकपट्टी खाली नको. घोड्याच्या गालावर एक लांबट हाडाची कड असते, हात फिरवला की लागते. ती जिथे संपते तिथून दोन बोटं खाली नाकपट्टी बसली पाहिजे. तिथे हाड भक्कम असतं. त्याच्याखाली हाड निमुळतं होत जातं आणि मग नुसतं मऊ राहतं. फार वरसुद्धा नको. वर गेली की त्या गालाच्या कडेवरच घासते, आणि तिथे कातडी आणि हाड यांच्यामधे मांस असं नाहीच.

आवळायची किती, तर दोन बोटं सहज आत जातील इतकी. पण बोटं कुठे घालता त्याला महत्त्व आहे. गालाच्या बाजूला घातली तर जातातच, कारण तिथे खोलगट असतं. पट्टी कितीही आवळलेली असली तरी जातात, आणि माणूस म्हणतो सैल आहे. बोटं घालायची ती समोर, नाकाच्या हाडावर, आणि आडवी. परदेशात घोड्यांच्या मोठ्या स्पर्धांमधे आता पंचलोक एक माप घेऊन उभे राहतात आणि नाकाच्या हाडावर दीड सेंटीमीटर फट आहे की नाही ते बघतात. आपल्याजवळ बोटं आहेत. फक्त बोटं मोठ्या माणसाची असावीत, पोराला पाठवू नका.

आवळलेल्या पट्टीचं आणखी एक दुखणं तालुक्याच्या पशुवैद्य डॉक्टरांनी आम्हाला दाखवलं. त्यांनी घोड्याचं तोंड उघडून आमचं बोट आत फिरवलं. वरच्या दाढांची बाहेरची कड विळ्यासारखी धारदार होती. घोड्याच्या दाढा जन्मभर झिजत आणि वर येत राहतात, म्हणून तशी धार येते. बाहेरून पट्टी आवळली की गाल त्या धारेवर दाबला जातो आणि आतून कापतो. बाहेर काही दिसत नाही. लोक म्हणतात, घोडा उगाच डोकं झाडतो. उगाच कोण झाडील? डॉक्टरांनी कानस लावून दाढा घासून दिल्या. त्याच दिवशी धनुर्वाताचं इंजेक्शनही दिलं, कारण घोड्याला धनुर्वात फार लवकर होतो. साजाच्या आधी हे दाढांचं काम करून घ्यायचं असतं हे आम्हालाही नवीन होतं.

आता पट्टी रुंद की अरुंद? ह्याचं उत्तर टाळकऱ्यांना ठाऊक आहे. रात्रभर जागर असला की टाळाची दोरी बोटाला काचते. बारीक दोरी असेल तर पहाटेपर्यंत बोट निळं होतं. म्हणून आपण दोरीला चिंधी गुंडाळतो. टाळाचं वजन कमी होत नाही, पण ते जास्त जागेवर पसरतं. तसंच घोड्याच्या नाकाचं. दोन बोटं रुंद, आतून मऊ अस्तर लावलेली, कडा गोल केलेली पट्टी पाहिजे. पण रुंद आहे म्हणून आवळली तर तीही काचणारच. काही जण म्हणतील, अस्तर आहे ना, मग ओढा की. अस्तर ओढण्यासाठी नसतं.

आपला घोडा पांढरा, त्याच्या नाकाची कातडी गुलाबी. गुलाबी कातडी उन्हाने पोळते आणि लवकर सोलते. काळ्या नाकाच्या घोड्याला जे चालेल ते ह्याला चालणार नाही.

आता कान. हा घोडा मारवाडी बांध्याचा आहे, कानांची टोकं आत वळून एकमेकाला भिडायला बघतात. दिसायला फार गोड. पण लगामाचा सगळा भार कानामागच्या पट्टीवर असतो, आणि ती पट्टी कानाच्या बुडात रुतली की डोकं दुखतं. डोक्याला पागोटं घट्ट बसलं की आपल्याला कसं होतं तसं. पट्टी अरुंद असेल तर रुतते हे एक. दुसरं म्हणजे कपाळपट्टी आखूड असली तर ती कानामागच्या पट्टीला पुढे ओढते आणि कान चिमटतात. दोष कपाळाचा, दुखणं कानाला. आमच्याकडे घोडा ज्या साजात आला त्याची कपाळपट्टी आम्ही मोजली. घोड्याच्या कपाळाच्या मापापेक्षा ती तीन बोटं आखूड भरली. दुसऱ्या लहान तट्टाचा साज असणार. कानाला हात लावू देत नाही तो का, हे आम्हाला तिथे समजलं. तो साज काढून ठेवला, आणि तीन आठवडे आम्ही रोज संध्याकाळी हरिपाठ म्हणत त्याचं मानेपासून कानापर्यंत खाजवत गेलो. पहिल्या आठवड्यात मानेपर्यंतच. आता कानामागे हात जातो. कानाच्या आत अजून जात नाही, आणि घाई नाही.

गळपट्टी म्हणजे गळ्याखालून जाते ती. तिच्यात आणि गळ्यात एक मूठ आडवी बसली पाहिजे. तुळशीची माळ आपण गळ्यात कशी घालतो? निसटणार नाही, पण गिळताना अडकणार नाही. तेवढंच.

मग तोंडातलं लोखंड. ह्याच्यावरच वाद जास्त आहे म्हणून सावकाश बोलतो.

घोड्याचे पुढचे दात आणि दाढा ह्यांच्यामधे मोकळी जागा असते. लगामाची सळई तिथे बसते. मोकळी जागा म्हणजे देवाने लगामासाठी केलेली जागा असं काही लोक सांगतात. पण तिथे हिरडीची पातळ कातडी आणि खाली लगेच हाड आहे. आपल्या नडगीला बाज लागते तेव्हा जी कळ येते तशी ती जागा. आमचा घोडा पूर्वी लग्नाच्या वरातीत नाचवलेला. त्याच्या ओठाच्या दोन्ही कोपऱ्यांना जुने वण आहेत, तिथे केस उगवलेले नाहीत. काटेरी लगामाचे वण आहेत असं डॉक्टर म्हणाले. वरातीत घोडा नाचतो असं आपण म्हणतो, पण काटा टोचला की तो पाय उचलतो, आणि खाली बॅंड वाजत असतो. जेवणाच्या पंगतीला ह्याची चर्चा कोणी करत नाही.

हा काटेरी लगाम आता कायद्यानेही चालत नाही. १९६० साली प्राण्यांच्या छळाविरुद्ध कायदा झाला आणि १९६५ साली ओढकाम व ओझ्याच्या जनावरांचे नियम आले. काटे, गाठी, टोकं असलेला लगाम किंवा साज वापरू नये असं त्या नियमांत आहे. पण माउलींच्या घोड्याला काटा घालू नये हे सांगायला आम्हाला पोलिसाची गरज वाटत नाही. नाथमहाराजांनी रामेश्वराला न्यायची कावड तहानलेल्या गाढवाच्या तोंडी रिकामी केली, ती कथा आपण दरसाल सांगतो आणि मान डोलावतो.

आमचं म्हणणं असं की स्वार बसणार नाही, तर रोजच्या वाटेवर तोंडात लोखंडच नको. चांगली म्होरकी पुरे. कानामागे रुंद, नाकावर रुंद आणि अस्तराची, हनुवटीखाली कडी, कडीला सुती दोर. घोडा हाताने चालतो. आपले बैल नाही का चालत? बैलाला वेसण असते, पण चांगला शेतकरी वेसणीला हात घालतो तो वर्षातनं चार वेळा. चिखलणीला बैल कासऱ्याच्या इशाऱ्यावर वळतो. ज्याच्या बैलाची नाकपुडी फाटलेली असते त्याला बैल हाकता येत नाही, हे गावात सगळ्यांना माहीत असतं, तोंडावर कोणी बोलत नाही इतकंच.

पण जे लोक म्हणतात की गावातनं, हायवेवरनं जाताना म्होरकीने आवरणार नाही, त्यांचंही म्हणणं आम्ही टाकत नाही. हातखंब्यापासून पुढे रस्ता कसा आहे, ट्रक कसे येतात ते आम्हीही बघतो. म्हणून साखरप्यापर्यंत आणि पुढे मोठ्या गावांतून जाताना म्होरकीवरच साधा लगाम जोडायचा. गुळगुळीत, दोन तुकड्यांची, मधे सांधा असलेली सळई. गंजलेली नको. सळई ओठांच्या बाहेर दोन्ही बाजूंना अर्धं अर्धं बोट दिसली पाहिजे, म्हणजे ओठ चिमटत नाहीत. फार लांब असली तर तोंडात इकडून तिकडे सरकते, तेही वाईट. गालपट्टी अशी धरायची की सळई ओठाच्या कोपऱ्याला टेकेल, कोपरा वर ओढणार नाही. घोडा हसल्यासारखा दिसायला लागला की समजा गालपट्टी आखूड झाली. कार्तिकातल्या पहाटे लोखंड गार असतं, ते आधी हातात धरून ऊब द्यायची. हे काम पोरांना द्या, आवडीने करतील. गाव संपलं की लगाम काढायचा, म्होरकी राहू द्यायची.

आणि गर्दीत घोडा आवरतो तो तोंडामुळे नव्हे, माणसांमुळे. दोन बाजूंना दोन माणसं, ओळखीची, रोज खरारा करणारी. पखवाज त्याच्या कानामागे लगेच नको, दहा पावलं अंतर. फटाके वाजवणाऱ्या मंडळांना आधी जाऊन हात जोडायचे. आम्ही त्याला रोज रात्री भजनाच्या वेळी अंगणात आणतो. पहिल्या रात्री आंब्याखाली लांब बांधला होता, आता ओसरीच्या पायरीशी येतो आणि विण्याकडे कान करतो. तोंड आवळून गप्प केलेला घोडा शांत दिसतो, पण तो भ्यालेलाच असतो. भ्यालेलं जनावर कधी उसळेल ते सांगता येत नाही, आणि मग ती पट्टी तुमचं पोर वाचवणार नाही.

आता साज कशाचा? ह्यात कोकणातल्या माणसाने नीट लक्ष द्यावं, कारण घाटावरच्या कोरड्या हवेतलं शहाणपण इथे चालत नाही. सुताचा किंवा काथ्याचा दोर भिजला की फुगतो आणि आखूड होतो. होडीवाले बसलेत त्यांना विचारा, ताणून बांधलेला दोर पावसात तट्ट होतो. मग कोरड्यात दोन बोटं ठेवून बांधलेली दोराची म्होरकी परतीच्या पावसात एक बोटही ठेवत नाही. चामड्याचं उलट. पखवाजवाल्यांना माहीत आहे, हवा दमट झाली की वादी ढिली होते, पुन्हा ठोकावी लागते. चामडं भिजलं की सैल पडतं आणि चुलीजवळ वाळवलं की लाकडासारखं कडक होऊन आखडतं. नायलॉन भिजत नाही, स्वस्त आहे, बाजारात रंगीत मिळतं. पण घामाने ओल्या कातडीवर ते घासलं की भाजल्यासारखी जखम होते, आणि कुठे अडकलं तर तुटत नाही. घोडा अडकून झटके देतो आणि मान मोडून घेतो.

म्हणून आम्ही चामडं पसंत केलं. महाग आहे. मऊ केलेलं, आतून सुती अस्तर शिवलेलं. रोज मुक्कामाला पोचलो की ओल्या फडक्याने आतली बाजू पुसायची, घामाचं मीठ राहिलं तर तेच घासतं. सावलीत वाळवायचं. आठवड्यातनं एकदा तेलाचा हात द्यायचा, बोटाला लागेल इतकंच, निथळेल इतकं नको. आपल्याकडच्या हवेत चार दिवस तसंच टांगून ठेवलं तर पांढरी बुरशी येते, ती अस्तरातनं कातडीला लागते. दोर सुती चालेल, कारण तो हनुवटीच्या कडीला आहे, तोंडाभोवती नाही. रात्री बांधताना दोर आणि खुंटा ह्यांच्यामधे सुतळीचा एक फेरा ठेवायचा. घोडा भ्याला तर सुतळी तुटेल, मान वाचेल.

सजावटीचा हट्ट आम्हाला समजतो. सारंगखेड्याच्या जत्रेत असला साज बघून आमचेही डोळे दिपले होते. गोंडे, कवड्या, चांदीच्या रंगाच्या पट्ट्या. सजवा. पण सजावट गळ्यात आणि पाठीवरच्या झुलीवर. तोंडावर काही नको. कपाळावर घुंगरू लटकलं तर पाऊलपावली डोळ्यापुढे हलतं. हारात तार असते, ती डोळ्यात जाते, म्हणून हार दोऱ्यात ओवलेलाच घ्यायचा. आणि बुक्का. माउल्यांनो, तुमच्या भावनेला हात लावत नाही, पण प्रत्येक गावात घोड्याच्या कपाळाला बुक्का लागणार, तो घामात मिसळून कपाळपट्टीखाली जाणार, आणि दुपारपर्यंत वाळूचा कागद होणार. बुक्का खांद्याला लावा. माउली खांद्यावरही आहे.

शेवटी रोज बघायचं काय ते सांगतो. सकाळी साज चढवला की गुळाचा खडा द्यायचा. त्याने तो चावून, जीभ फिरवून खाल्ला तर पट्टी बरोबर. तोंडात धरून उभा राहिला तर एक भोक सैल करा. संध्याकाळी साज काढला की नाकावर, गालावर, कानामागे हात फिरवायचा. केस मोडलेले, गरम लागणारी जागा, बोटाला लागणारी रेघ, ह्यातलं काही मिळालं तर दुसऱ्या दिवशी ती पट्टी नाही. त्या दिवशी घोडा नुसत्या गळ्याच्या दाव्यावर चालेल. नाहीच चालला तर टेम्पोत बसेल आणि दिंडी घोड्याशिवाय चालेल. नव्व्याण्णव वर्षं चाललीच की.

रत्नागिरी ते पंढरपूर तीनशेच्या आसपास किलोमीटर. नाकपट्टी तपासायचं काम एकाच माणसाकडे हवं, दहा जणांकडे दिलं तर कोणीच बघत नाही. मंडळींची हरकत नसेल तर ते आम्ही घेतो. म्होरकीचं माप आम्ही सुतळीने घेऊन गाठी मारून ठेवलंय. कानामागून तोंडाच्या कोपऱ्यापर्यंत एक, कपाळाचं एक, नाकाभोवतीचं एक. कारागीर कोल्हापूरचा आहे, पंधरा दिवस लागतील म्हणतो. त्याला निम्मे पैसे आगाऊ पाहिजेत. झगमगीत साजासाठी जी वर्गणी जमली आहे तिच्यातनं ते द्यावेत असं आम्ही सुचवतो. उरले तर गोंडे घेऊ.

रामकृष्णहरी.